दत्ता अण्णांचा आवाज

४ मार्च
नवीन कॉलिंग सॉफ्टवेअर आजपासून सगळ्या तालुक्यांत चालू. आधी एजन्सीनं दिलेला मुलीचा आवाज होता. गोड, शुद्ध. लोक ‘हॅलो’ म्हणायचे आणि कट करायचे. आता आवाज दत्ता अण्णांचा. सर्व्हिसचे हेड, गाव सदलगा, आमच्या कडबाकुट्टी मशीनच्या मागं अख्खी हयात गेली त्यांची. गेल्या महिन्यात मीटिंग रूमचा पंखा बंद करून त्यांच्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली, मराठी आणि कानडी. आता मी टाइप करीन ते सॉफ्टवेअर त्यांच्या आवाजात बोलतं. ‘नमस्कार मी दत्ता बोलतोय, कंपनीतनं. पात्याला धार लावायची वेळ झाली बघा.’
लोक फोन ठेवत नाहीत. मालक विनय सर खूश.

७ मार्च
ग्राहकांची उत्तरं ऐकत बसले. सॉफ्टवेअरला फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ पाहिजे. लोक बोलतच राहतात. “व्हय अण्णा, ऐतवारी पाठवा माणूस.” चिकोडीकडची एक म्हातारी: “अण्णा, म्हस व्यालीया. खरवस न्ह्यायला या की.” मशीन म्हणालं, धन्यवाद. म्हातारी: “या मग.”
रिपोर्टमध्ये तिचं उत्तर ‘अस्पष्ट’.
अण्णांना ऐकवलं. हसले, हसता हसता खोकला. घसा बरेच दिवस बसलाय. “कडब्याची धूळ गं वैशू, दुसरं काय न्हाय.”

१२ मार्च
भाषेचा घोळ. सिस्टिममध्ये राज्य कर्नाटक म्हणजे भाषा कन्नड, असं आधीच्या टीमनं करून ठेवलेलं. निपाणी, खानापूरकडनं तक्रारी. एक जण: “अण्णा आमच्यासंगं कानडी का बोलायलेत? रागावलेत का?” एकेक नाव हातानं दुरुस्त करतेय. अण्णा शेजारी बसून सांगतात. हा मराठी. हा कानडी. हा मराठी, पण फोन बायको उचलते, ती कानडी.
कंटाळवाणं काम. तरी दिवस बरा गेला.

२६ मार्च
अण्णांच्या घशात गाठ. साधी नाही. स्वरयंत्र काढावं लागणार म्हणतात. ऑफिसात कळलं तेव्हा सगळे एकदम कामाला लागले. मीसुद्धा.

१ एप्रिल
अण्णा ऑफिसात येऊन गेले, उद्या ऑपरेशन. बोलताना नुसती हवा येत होती. जाताना माझ्या कॉम्प्युटरकडं बोट केलं. “तिथला आवाज तरी ऱ्हाऊ दे.”
मी बरं म्हटलं. 

१९ एप्रिल
अण्णांच्या घरून फोन, त्यांच्या बायकोचा. शालन आक्का. आधी खात्री करून घेतली, मीच बोलतेय ना. मग,
“वैशाली, आत्ता ह्यांचा फोन आलता.”
मला समजेना.
“हे समोर बाजेवर बसल्यात. गळ्याला फडकं गुंडाळलंय. आणि फोनात म्हणत्यात, नमस्कार मी दत्ता बोलतोय.”
त्यांच्या घरीही आमचं मशीन आहे. नंबर आक्काच्या नावावर, ग्राहक यादीत. सर्व्हिसची तारीख आली, कॉल गेला. सिस्टिमनं तिचं काम बरोबर केलं. बघायला पाहिजे होतं ते मी बघितलं नाही.
“बंद कर ते. समद्यांचं बंद कर. गावात बायका मला इचारत्यात, अण्णा बरं झालं व्हय, फोन आलता म्हणून. काय सांगू मी?”
तिचा नंबर लगेच काढला. बाकीचं माझ्या हातात नाही, असं सांगितलं. निम्मं खरं.
तासाभरानं अण्णांचा मेसेज. ‘आक्काचं ऐकू नको. चालू ठेव.’

२४ एप्रिल
विनय सरांनी बोलावलं. नवीन मिल्किंग मशीन येतंय. जाहिरातीचा कॉल अण्णांच्या आवाजात करायचा. वाक्यसुद्धा तयार: ‘मी स्वतः वापरून बघितलंय.’
“अण्णांनी ते मशीन पाहिलेलं नाही सर.”
“लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे ना?”
“म्हणूनच म्हणते.”
“सही आहे त्यांची. कंपनीच्या कामासाठी आवाज वापरायला हरकत नाही, असं लिहिलंय. हे कंपनीचंच काम आहे.”
आवाज चढवून नाही बोलले. माणूस वाईट नाही. अण्णांच्या दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला, कुणाला न सांगता. ते मध्ये येतं.
कॉल १९ मेला, सोमवारी. वाक्य टाइप केलं, ऐकलं. अण्णा इतक्या सहज बोलले की मलाही पटलं असतं.

४ मे, रविवार
काल निपाणीला आईकडं, आज तिथून सदलगा. अण्णा बारीक झालेत. मोबाइलवर टाइप करून दाखवतात, चष्मा कपाळावर, एका बोटानं. आक्का त्यांच्या वतीनं बोलते आणि मध्येच स्वतःचं घालते.
मिल्किंग मशीनचं सांगितलं. अण्णांनी लिहिलं, ‘बघितलं न्हाय तर सांगू कसं.’ मग खाली, ‘सर्व्हिसचा फोन बंद करू नको.’
आक्का म्हणाली, “ह्यास्नी काय, ऐकून बरं वाटतंय. जगाला तोंड मला द्यावं लागतंय.”
लोक काय बोलतात ते ऐकायचं होतं त्यांना. लॅपटॉपवर लावलं. व्हय अण्णा. कदी येताय अण्णा. आमचा थोरला नोकरीला लागला बघा अण्णा. ते पुढं वाकून ऐकत होते. एकदा उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.
आक्का उठून आत गेली. भांड्यांचा आवाज मात्र येत नव्हता. दाराआडच उभी असणार.
अण्णांनी लिहिलं, ‘माणसं अजून माझ्यासंगं बोलत्यात. ती पण बोलायची बंद झाली तर’
पुढं लिहिलं नाही.
येताना बसमध्ये झोप लागली. चिकोडीला जाग.

९ मे
वि. सरांना सांगितलं, अण्णांची जाहिरातीला तयारी नाही. ते म्हणाले, “दुखण्यातला माणूस आहे, आत्ता नको विचारायला.” विचारून झालंय, म्हटलं. मग त्यांनी दुसरी फाइल उघडली. 
घरी, अनगोळात, पाणी नाही दोन दिवस.

१३ मे
शालन आक्का ऑफिसात. एकटी, बसनं आलेली. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी दह्याचा डबा. रिसेप्शनवाल्या मुलीला म्हणाली, वैशालीची आक्का आलीया म्हणून सांग.
“त्यांचा काढ आणि माझा घाल.”
“काय आक्का?”
“आवाज गं. न्हायतरी फोन घरी यायचं तवा हे बाहेर, मीच बोलायची. धार लावलीसा का, तेल घातलंसा का. कानडीबी येतंय. लोकास्नी माझ्यासंगं बोलू दे. मग मी घरात ह्यास्नी सांगीन, अमका असं म्हणाला, तमका तसं म्हणाला.”
“अण्णांना माहितीये?”
“न्हाय. दवाखान्याचं कागद आणाय जाते म्हणून आलते.”
मीटिंग रूमचा पंखा बंद केला. पहिल्यांदा आक्कानं वाक्यं भराभरा वाचली, परीक्षेला बसल्यासारखी. घाम पुसला. दुसऱ्यांदाही भराभराच. तिसऱ्यांदा विषय सोडून मला दम दिला, अशी काय बघतीस म्हणून. तेही रेकॉर्ड झालं.
स्टँडवर सोडलं. खिडकीतून म्हणाली, “त्यास्नी सांगू नको अजून.”

१५ मे
वि. सरांना आक्काचा आवाज ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला. “सर्व्हिस कॉलला चालेल. जाहिरातीचं वेगळं.” मी म्हटलं, एकाच घरातून सर्व्हिसला आक्का आणि जाहिरातीला अण्णा, लोकांना कसं पटेल. त्यांनी पेन खाली ठेवलं.
“अण्णा म्हणाले ना, की माझा काढा, तर काढू. दोन्हीकडचा. पण त्यांनी म्हणायला पाहिजे. नाहीतर सोमवारी ठरल्याप्रमाणं जाईल.”
न्याय्य आहे. म्हणूनच अवघड.

१८ मे, रविवार
सदलगा. आक्कानं दारातच डोळ्यांनी विचारलं, सांगितलंस का? नाही, म्हटलं. मग तिनंच सांगितलं. चहाचा कप त्यांच्या हातात देत, त्यांच्याकडं न बघता, एका दमात.
अण्णांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मग माझ्या लॅपटॉपकडं हात केला.
लावलं. आक्काचा आवाज, ‘नमस्कार मी सदलग्यास्नं शालन बोलते पात्याला धार लावायची वेळ...’ पुढचं सगळं एका श्वासात. अण्णांनी हात वर केला. बंद केलं.
मोबाइलवर लिहायला लागले. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मला दाखवतील वाटलं, पण मोबाइल आक्काकडं दिला. तिनं लांब धरून वाचला, एकदा मनात, मग मोठ्यानं.
“नमस्कार म्हटल्यावर थांबावं. पुढचा माणूस नमस्कार म्हणतो.”
 आक्का पदर सारखा करून बाजेसमोर उभी राहिली. म्हणाली. अण्णांनी मान हलवली, न्हाय. परत म्हणाली. अजूनही घाईच. अण्णांनी बाजेच्या लाकडावर बोट टेकवलं, आणि ते उचलेपर्यंत तिनं थांबायचं.
वि. सरांचा मेसेज येऊन पडलाय: काय ठरलं? ‘तुमचा आवाज काढू का’ असं अण्णांना विचारायला माझं तोंड उघडलं नाही. त्यांनी हो म्हटलं, का नुसती तिची चूक काढली, मला सांगता येणार नाही. उद्याच्या कॉलला अजून कुणाच्याच आवाजाची फाइल जोडलेली नाही.
गेटपर्यंत आले तर आतून परत ऐकू आलं. “नमस्कार.” आणि मग बराच वेळ काही नाही.