झरोक्यांची वजावट

३ फेब्रुवारी, सोमवार

वही घेऊन साडेतीन महिने झाले. तेव्हापासून ती टेबलाच्या लंगड्या पायाखाली होती. रोज म्हणायचं, आज लिहू — आणि रोज काहीतरी निघायचंच. परवा लिहायला बसले तर पेन सापडेना. पेन आणायला बाहेर पडले तर वाटेत एक माणूस छत्र्या दुरुस्त करत होता. तासभर त्याच्याकडे बघत उभी राहिले. छत्रीला आठ काड्या असतात. पेन राहिलंच.

आज मात्र लिहायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. आज मी ऑफिसात खोटं बोलले. पूर्ण नाही. पाऊण.

आमच्या बांधकामाच्या ऑफिसची मालकीण, म्हणजे बाई, त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. माझं काम नकाशांच्या प्रती काढायचं. वाटलं, प्रती तिरक्या आल्या. तर म्हणाल्या, "तुला संगणकावर आख्खी इमारत उभी करता येते म्हणे?" हे दाजींचं काम! ताईच्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी "येते" म्हणून मोकळी झाले. खरं तर मागच्या की त्याच्या मागच्या गावात स्वयंपाकघराची कपाटं विकणाऱ्याकडे पाच महिने होते, तिथे कपाटं काढायचे. कपाट काय, इमारत काय — आत हवा, बाहेर फळ्या.

काम असं : बियाण्यांचं दोन मजली गोदाम. एकवीस तारखेला अंदाजपत्रक द्यायचंय. वीट किती, काँक्रीट किती, गिलावा किती. दर वेळी ऑफिसातले जुने पट्टीकाका नकाशावरून हाताने मोजतात. या वेळी ते मोजतीलच, पण मीही संगणकावर गोदामाचं मॉडेल करून त्यातून आकडे काढायचे. "दोन्ही जुळले, की पुढच्या महिन्यापासून सगळं मॉडेलवर," बाई म्हणाल्या.

"आणि काका?"

"काकांचं वय झालंय. त्यांच्याजवळ आत्ताच बोलू नकोस."

म्हणजे मी काम चांगलं केलं की काका घरी. वा!

४ फेब्रुवारी, मंगळवार

काकांच्या शेजारचं टेबल दिलंय मला. मुद्दाम की काय!

काका नकाशा टेबलाला चिकटपट्टीने चिकटवतात. मग तिकोनी पट्टी काढतात, तिला कापडी पिशवी शिवलेली. मोजलेल्या भिंतीवर लाल पेन्सिलीची खूण, दारं-खिडक्यांवर निळी. एकतीस वर्षं हेच. मोजताना ओठ हलतात, आवाज नाही. मध्येच कुणी बोललं की बोट तिथेच दाबून ठेवतात आणि नुसतं बघतात. शिंक आली तरी बोट हलत नाही. मी पाहिलंय.

"काय पाहुणी, आज आहेस की गेलीस?" हे त्यांचं रोजचं. पाहुणी हे नाव त्यांनीच पाडलं — मी कुठे टिकत नाही हे ताईने सगळ्यांना सांगून ठेवलंय.

"आहे अजून."

"मग ते तुझं खेळणं दाखव."

दाखवलं. चार भिंती फिरवून दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हं. चक्कर येते," म्हणाले आणि परत मोजायला लागले.

५ फेब्रुवारी

भिंती जमल्या. जिना हवेत तरंगतोय. कुठे टेकवायचा कळत नाही. दिवसभर पाय वळवळत होते. उठून जावंसं वाटत होतं — कुठे, ते माहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॉडेल झालं! जिना टेकला. झरोके घातले : बियाण्यांना वारा लागतो म्हणून चारही बाजूंनी बारके चौकोनी झरोके, एका मजल्यावर दोन ओळी, एकेका ओळीत बावन्न. एक काढला आणि पुढचे सगळे एका झटक्यात. काकांना एकेका झरोक्यावर निळी खूण करताना बघत होते. मला जरा वाईट वाटलं आणि जरा मजाही वाटली. दोन्ही खरं.

मजेमजेत दारात एक कुत्रा बसवला. तयार मिळतात त्यात — माणसं, झाडं, कुत्री. त्याची जागा आणि तोंडाची दिशा ठरवण्यात दुपार गेली. आणि यादी छापली तर शेवटची ओळ : कुत्रा — १ नग.

काकांनी ती ओळ तीनदा वाचली. मग असे हसले की पट्टी खाली पडली. "याचा दर काय लावायचा गं? मजुरीसकट की नुसता माल?"

त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सांगून टाकावं का — काका, हे सगळं तुमच्या मुळावर येणारंय? नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस.

दोन्ही कागद बाईंच्या टेबलावर. विटा जवळजवळ जुळल्या. गिलावा — काकांचा २१३६ चौरस मीटर, मॉडेलचा १९८६.

बाईंनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. सगळे होते तिथे. "दीडशेचा फरक? काका, एका गोदामात दीडशे. मग एकतीस वर्षांत किती फुगवलं असेल?"

म्हणजे त्या तसं हसत हसतच म्हणाल्या. पण म्हणाल्या.

"फुगवलं?" काका म्हणाले. "बाई, माझी पट्टी फुगत नाही."

जागेवर आले. पट्टी पिशवीत घातली, दोन्ही पेन्सिली खिशात. नकाशाची चिकटपट्टी अर्धी सोडवली होती, ती तशीच. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिथेच उभी! हातात मॉडेलची यादी.

माझा आकडा बरोबर आहे का? आहेच. भिंत तेवढी, भोकं वजा. गणितात काय चुकणार? मग काका चुकले? काका चुकत नाहीत. मग फुगवतात? तेही नाही. मग काय?

१२ फेब्रुवारी

काका आले नाहीत.

मॉडेलमधल्या सगळ्या भिंती परत तपासल्या. १९८६. मग कुत्रा काढून टाकला. तरी १९८६.

संध्याकाळी कपाटावरची बॅग खाली घेतली. ताई दारात उभी. "सुरू झालं का तुझं? या वेळी तरी टिक गं. दाजींनी शब्द टाकला होता."

"धूळ झटकतेय," म्हटलं.

"झटक, झटक. तुझ्या बॅगेवर धूळ बसायला वेळ कुठे मिळतो!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

छपाईची शाई आणायला पाठवलं होतं. दुकान डावीकडे, मी उजवीकडे गेले. तिकडे आमच्याच ऑफिसचं एका शाळेच्या इमारतीचं काम चाललंय, आणि परातीवर परात वाजत होती, ती का वाजतेय हे बघायचं होतं. ती का वाजत होती हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पहिल्या मजल्यावर एक मावशी गिलावा करत होती आणि मी तिथेच अडकले.

मोठी भिंत तिने बघता बघता सारवल्यासारखी संपवली. मग एका बारक्या झरोक्यापाशी थांबली. थापी बदलली. आतली कड, वरची कड, कोपरा. परत कोपरा. मी जिन्यावर बसून बघतेय, ती अजून त्याच भोकात!

"मावशी, एवढ्याशा भोकाला एवढा वेळ?"

"भिंतीचं काय गं, हात फिरवला की झाली. जीव खातं ते हे. चार कडा, चार कोपरे, आणि एक जरी तिरका गेला तरी साहेबाला खालून दिसतो."

"मग याचं वेगळं मोजतात?"

"वेगळं कसलं! बारकं भोक भिंतीतनं वजा करत नाहीत, त्यातच या कडा आल्या. दार असलं, मोठी खिडकी असली, तर वजा. एवढंही ठाऊक नाही? ऑफिसातली ना तू?"

उठले. तळहातावरच मांडलं. झरोका साठ सेंटीमीटर चौकोनी. आतून-बाहेरून दोन बाजू. एकूण झरोके दोनशे आठ. उत्तर — दीडशेला जरासं कमी.

दीडशे!

मॉडेलने भोक पाहिलं आणि वजा केलं. त्याला काय माहीत कडा कुणी तरी हाताने करतं! मलाही नव्हतं.

शाई आणायची राहिली.

१४ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं नाही. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेले. सांगितलं तर मी अडाणी ठरते, परत प्रती काढायला. नाही सांगितलं तर काका चोर ठरतात.

हे वर लिहिलेलं वाचलं. यात विचार करण्यासारखं आहे तरी काय?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. एका दमात, उभ्याने. कपाटांचंही सांगून टाकलं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाल्या, "बारक्या भोकांची वजावट करू नको, असं मॉडेलला सांगता येतं?"

"येतं."

"मग सांग. मिटलं."

"काय मिटलं? काका?"

"त्यांना फोन कर, या म्हणावं."

"मी? फुगवलं असं मी नाही म्हटलं."

कुठून आलं तोंडात कोण जाणे! वाटलं, आता गेली नोकरी. पण बाई फक्त म्हणाल्या, "असे आणखी किती नियम आहेत त्यांच्याकडे?"

तेच तर! काकांच्या जुन्या फायली काढल्या. पानंच्या पानं आकडे, लाल खुणा, निळ्या खुणा. का मोजलं, का सोडलं — एक अक्षर नाही. सगळं डोक्यात.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. ठेंगणी बाई, पदर खोचलेला, हाताला पीठ.

"घरात नाहीत ते."

आतून खाकरण्याचा आवाज. मग काकांचाच आवाज, चांगला खणखणीत : "बाहेर गेलोय म्हणून सांग!"

"बाहेर गेलेत," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मी दारातूनच ओरडले, "काका, झरोके कळले! दोनशे आठ! कडांमुळे वजावट नाही! बाईंनाही सांगितलं!"

आतून, "कुणी सांगितलं?"

"गिलावा करणाऱ्या मावशींनी."

"हं. म्हणजे विचारलंस तरी कुणाला. बाकीचं यंत्राला विचार."

"यंत्राला नाही येत!"

"मग एकतीस वर्षं थांब!"

मी जायला वळले. काकू मागून फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "तो कुत्रा कसा बसवलास गं त्यात? रोज सांगतायत मला. झोपेत पण हसले एकदा."

दाखवेन म्हटलं. कधी, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी स्वतः फलकावर कागद लावला : 'गोदामाच्या गिलाव्याचा काकांचा आकडा बरोबर होता. मी चुकीचं बोलले.' खाली सही. फोनही केला दोनदा. उचलला नाही.

काँक्रीट जुळवायला घेतलं. या वेळी उलटं — मॉडेल अकरा घनमीटर जास्त दाखवतंय! कुठे आहेत हे अकरा? पायात, खांबात, तुळयांत, सगळीकडे धुंडाळले. काकांची निळी-लाल पानं समोर पसरलीत. नुसत्या खुणा, एक शब्द नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी बॅग घेऊन खरंच बसस्थानकावर गेले होते. ताईला माहीत नाही. तीन गाड्या समोरून सुटल्या. तिन्हींत जागा होती. एकीचा वाहक तर म्हणाला, "यायचंय का, की नुसतं बघायचंय?"

एरवी असं विचारलं की मी चढतेच. कुठे जायचं ते आत बसल्यावर ठरवते. आज डोक्यात सारखं ते अकरा. समोरच्या छपराचे खांब मोजत बसले. चौदा. प्रत्येकावर तुळई टेकलेली. टेकते ती जागा खांबाची की तुळईची? कुणाच्या खात्यात धरायची? वाहकाला विचारावं असंही वाटलं एकदा!

परत आले. कशासाठी, हे नीट सांगता येणार नाही. काका यायला हवेत. अकरासाठी नाही. ते टेबल असं अर्ध्या सोडवलेल्या नकाशासकट बघवत नाही.

एकवीसला तीन दिवस.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळचे सव्वानऊ. घाईत लिहितेय, वही मांडीवर — काकू आल्यात! एकट्या. ऑफिसात पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ. सरळ काकांच्या खुर्चीत बसल्या, सुटलेला नकाशा नीट चिकटवला, माझे अकरा घनमीटर ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "खांब-तुळईचे जोड दोनदा धरलेस. तुळई खांबाच्या तोंडापर्यंतच मोजायची. यांचे आकडे घरी रोज मीच तर तपासते." बाई दारात उभ्या राहून बघतायत. काकूंनी खुर्ची माझ्या पडद्याकडे ओढलीय. "तुझ्याकडून शिकायची त्यांना लाज वाटते. माझ्याकडून शिकतील — एकतीस वर्षं तेच करतायत, त्यांना माहीत नाही इतकंच. चल, हे सुरू कुठून करतात?"