सहावी भेट

बुधवार, १९ मार्च
(तारीख आजचीच आहे. हे मुद्दाम का सांगते, ते पुढे येईल.)

प्रिय भाऊजी,

नमस्कार. ताईलाही सांगा. घेतला तर घेतला.

इतक्या दिवसांनी हिचं पत्र, म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तुम्ही पाकीट फोडण्याआधीच म्हणाला असाल. बरोबर आहे. आईच्या मृत्यूचा हॉस्पिटलनं दिलेला जो दाखला आहे, त्याची एक प्रत हवी आहे. हॉस्पिटलचे कागद तुम्हीच ताब्यात घेतले होते, आणि घड्याळ दुरुस्तीची पावतीसुद्धा वीस वर्षं जपणारा माणूस हे फेकणार नाही. हॉस्पिटलच्या कचेरीतून नवी प्रत काढायला तीन आठवडे लागतात, मी विचारून आले. माझ्याकडे आठच दिवस आहेत. फोन केला असता, पण ताईनं उचलून नुसतं "बोल" म्हटलं तरी माझी बोलती बंद होते. पंचवीस वर्षं वर्गात तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या बाईची ही अवस्था. ताईला ऐकून बरं वाटेल.

इथलं सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, जणू मी हौसेनं वाढवलंय. विभागात तुमचं टेबल अजून खिडकीशीच आहे, त्यावर आता प्रिंटर बसतो. तोही तुमच्यासारखाच, मधेच अडतो आणि कारण सांगत नाही. नाही, चुकले. तुम्ही कारण सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

आपले ऑनर्सप्रमुख इस्त्रीसाहेब जूनमध्ये निवृत्त होतायत. नाव तुम्हीच ठेवलंत आणि निघून गेलात, आम्हाला मात्र रोज त्या कडक शर्टासमोर हसू दाबत बसावं लागतं. त्यांच्या जागी माझं नाव जवळपास ठरलं आहे. अभिनंदन करू नका. पत्र पुरतं वाचा.

ताई शेजारी बसून ऐकत असेल, तर तिच्यासाठी थोडं मागचं सांगते. ऑनर्सच्या प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक. वर्षात बारा भेटी. भेटपत्रकावर बारा खाने, आणि प्रत्येक खान्यात तारीख, काय चर्चा झाली ते, आणि दोघांच्या सह्या. कल्पना सुंदर आहे. ज्यानं काढली त्याला मुलं शिकवायची नसावीत. आम्ही काय करतो, तर पहिल्याच भेटीत बाराही खाने भरून टाकतो. मुलाकडून बारा सह्या घ्यायच्या, आपल्या बारा ठोकायच्या, वर्षभर डोक्याला ताप नाही. भेटी होतात तेव्हा होतात. तीन वर्षांपूर्वी तुम्ही एकट्यानं म्हणालात, "न झालेल्या भेटीवर मी सही करणार नाही." आवाजही चढवला नाहीत, म्हणून जास्त झोंबलं. वर्षअखेरीस आमच्या पत्रकांवर बारा भेटी होत्या आणि तुमच्या पत्रकांवर नऊ. त्या नऊ खऱ्या होत्या हा तुमचा गुन्हा. कामात कुचराई असा ठराव आला. हात वर करायचे होते.

मी केला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत केला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या ठरावानंतर तुम्ही राजीनामा दिलात, ताईनं बोलणं टाकलं, आणि मी माझी समजूत घातली की भाऊजींना नाहीतरी घरी बसून वाचायचंच होतं.

असो. मुद्दा वेगळाच आहे. म्हणजे तोच आहे.

या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आहे. तिसऱ्या वर्षाची, उंच, बॅगेचा एक बंद तुटलेला, तो गाठ मारून बांधलेला. विभागात तिला सगळे शंकाबाई म्हणतात, कारण तिला प्रत्येक गोष्टीत शंका येते. पहिल्या दिवशी पत्रक पुढे सरकवलं तर म्हणाली, "मॅडम, अजून भेटलोच नाही तर सही कशी करायची?"

मी म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?"

तिनं मान खाली घालून बारा सह्या केल्या. बाराही सारख्या, टपोऱ्या. माझ्या सह्या सातव्यापासून पुढे गांडुळासारख्या झाल्या होत्या.

विषय तिनंच आणला होता, हॉस्पिटलमधल्या रात्रपाळी करणाऱ्या आया. चांगला विषय होता, भाऊजी. तुम्ही असतात तर तिला तासन्‌तास बसवून घेतलं असतंत. मी चार वेळा भेटले. मग ऑगस्टमध्ये आईचं सुरू झालं, ते तुम्हाला माहीत आहे. आणि आई गेल्यावर मला कुणीच नको झालं. खोलीला आतून कडी लावून बसायचे. ती दाराखालून प्रकरणं सरकवायची, मी उचलून कापडी पिशवीत टाकायचे. चिठ्ठी असायची, "मॅडम, पान अकरावर एक शंका आहे." पिशवी अजून कपाटात आहे. परवा उघडली. पान अकरावरची शंका अशी होती, "आयांची नावं बदलली तरी मजला आणि पाळी लिहिली तर त्या ओळखू येतील का? हॉस्पिटलची लेखी परवानगी लागते का?"

ऑक्टोबरात विचारलंय. मी मार्चमध्ये वाचलं.

तिला कुणी सांगितलं नाही, तिनं मजला आणि पाळी लिहिली. जानेवारीत प्रबंध सादर झाला, फेब्रुवारीत तो हॉस्पिटलच्या कुणाच्या तरी हाती पडला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आयाला काढून टाकलं, कारण औषधाच्या कपाटाची किल्ली कोण कुठे ठेवतं ते ती बोलली होती. हॉस्पिटलची तक्रार आली. इस्त्रीसाहेबांनी समिती बसवली. ते, आकडेमोडवाले सर आणि मार्गदर्शक म्हणून मी.

गेल्या आठवड्यात मंगळवारी बैठक झाली. मुलगी टेबलाच्या त्या टोकाला, बॅग मांडीवर. साहेबांनी माझं भेटपत्रक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "सहावी भेट. परवानगीपत्रे व गुप्तता यांबाबत सविस्तर सूचना दिल्या."

सहाव्या खान्यात मी हे सगळ्याच मुलांना लिहिते. छान वाटतं वाचायला.

आकडेमोडवाले म्हणाले, "म्हणजे सांगितलेलं होतं. मग प्रश्नच मिटला."

"तारीख?" साहेबांनी चष्मा वर केला. "बारा सप्टेंबर, गुरुवार, दुपारी तीन."

भाऊजी, बारा सप्टेंबरला दुपारी तीन वाजता मी कुठे होते ते जगात तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. दोन चाळीसला आई गेली. नर्सनं कुणाची तरी सही मागितली, माझा हात चालेना, तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेतलंत. दिवसभर आपण चार वाक्यं बोललो, त्यातली दोन चहाबद्दल.

जूनमध्ये बसून मी वर्षभराचे गुरुवार ओळीनं लिहून काढले होते. त्यातला एक गुरुवार आईचा निघेल हे मला काय माहीत?

साहेबांनी मुलीला विचारलं, "ही सही तुझी?"

"हो, सर."

"मॅडमनी सूचना दिल्या होत्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेरा सप्टेंबरला, ती वर्गातल्या तिघींबरोबर घरी येऊन गेली होती. ताईनंच तिला पाणी दिलं होतं. ताईला आठवत असेल, उंच, दाराशीच उभी राहिलेली. तिला तारीख पक्की माहीत होती. एका वाक्यात ती सुटली असती. ती म्हणाली, "दिल्या असतील, सर. माझ्या लक्षात राहिलं नसेल."

आणि मी काही बोलले नाही.

बैठकीनंतर ती जिन्याशी उभी होती. मी मान खाली घालून निघाले होते. तीच म्हणाली, "मॅडम, तो तुमच्या आईंचा दिवस होता."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांच्यासमोर ते काढायला कसंतरी वाटलं." मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही बोलाल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, मला तेवढंच येतं.

समितीचा निर्णय झाला आहे. सूचना मिळूनही जाणूनबुजून नियमभंग, म्हणून ऑनर्समधून नाव कमी. पुढच्या शिक्षणासाठी तिला जागा मिळाली होती, ती ऑनर्सच्या अटीवर होती, म्हणजे तीही गेली. सत्तावीस तारखेला विद्यापीठाची अंतिम मंजुरी. तोपर्यंत कुणी पुरावा आणला तर निर्णय फिरू शकतो.

तुम्ही म्हणाल, दाखला कशाला हवा, तोंड आहे ना. तोंड उघडून झालं. परवा सोमवारी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की ती भेट झालीच नाही, पत्रक जूनमध्ये भरलेलं आहे. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, "मॅडम, आईंचं दुःख अजून ताजं आहे तुमचं. थोडे दिवस रजा घ्या. आणि पत्रकाचं म्हणाल, तर ते सगळ्यांचंच तसं असतं, हे तुम्ही बोलायचं नाही आणि मी ऐकायचं नाही. जूनमध्ये या खुर्चीत बसायचंय ना?" वर चहा मागवला. मी प्यायले. आपल्याकडे माणूस स्वतःविरुद्ध बोलला की आजारी ठरतो. कागदाला मात्र कुणी रजा घ्यायला सांगत नाही. त्यावर तारीख आहे, दोन चाळीसची वेळ आहे आणि नातेवाईक म्हणून तुमची सही आहे. तो कागद भेटपत्रकाशेजारी ठेवला की कुणाला काही बोलावं लागणार नाही.

खुर्ची जाईल, नोकरीही बहुधा जाईल. तुमच्यावर ज्या नियमाखाली ठराव झाला तोच मला लागेल, आणि हात वर करणारे तेच असतील. घड्याळ बदललंय फक्त. त्या आयाची नोकरी यानं परत येणार नाही. मुलीचं काय वाचेल तेही सांगता येत नाही. ती आता लायब्ररीत दिसते तेव्हा कुणाला काही विचारत नाही.

इथवर लिहून मी दोनदा उठले, स्वयंपाकघरात जाऊन आले. कारण वर एक वाक्य खोटं लिहिलं आहे आणि ते तसंच ठेवून पाकीट बंद करायचा विचार होता. "आणि मी काही बोलले नाही," असं लिहिलंय ना? मी बोलले. मुलीनं लक्षात राहिलं नसेल म्हटल्यावर साहेब माझ्याकडे वळले, "मॅडम, तुमचं काय म्हणणं?" आणि मी म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण सांगितलेलं ऐकत नाही."

एवढंच. इतिवृत्तात आहे. मी त्यावर सहीही केली.

तुमच्या वेळी निदान घड्याळाकडे बघितलं होतं. या वेळी तिच्याकडे बघून म्हणाले.

तेव्हा, भाऊजी, दाखल्याची प्रत रजिस्टरनं पाठवा. पण एक करा. एक प्रत मला आणि एक थेट विद्यापीठाच्या कुलसचिवांना, तुमच्या सहीच्या दोन ओळींसह, की त्या दिवशी ही माझ्याबरोबर होती. तुम्ही मला चांगलं ओळखता. माझ्या एकटीच्या हातात तो कागद आला, तर सव्वीस तारखेपर्यंत तोही मी कापडी पिशवीत टाकेन आणि वर शहाणपणाची चार कारणं देईन. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तो शब्द मी एकदा वापरून बघितला आहे.

आणि नाही पाठवलंत, तरी समजेन. तीन वर्षांपूर्वी तुम्हालाही एकच हात खाली हवा होता.

ताईला म्हणावं, आईचं नाव मी या कामात ओढते आहे, त्याचा राग आला तर येऊ दे. त्या मुलीनं ते ओढलं नाही. ओढायचं असेल तर ते मीच ओढायला हवं.

तुमची मेव्हणी

(सही सगळं लिहून झाल्यावर केली आहे.)