दादा, तुझा नियम मी काढू देणार नाही

दादा,

तुला जाऊन महिना झाला. रडून झालं, तेरवी झाली, वहिनी पुन्हा बिड्या वळायला बसली. मी काही लिहिणार नव्हते. पण काल आपल्या बिडी युनियनच्या सभेचा निरोप आला आणि डोकंच फिरलं. रविवारी तुझा फोटो लावणार, हार घालणार आणि तुझ्या सन्मानासाठी तूच केलेला नियम काढून टाकणार! सांग बरं, हसू की रडू?

तूच बायांपुढे उभा राहून म्हणाला होतास, "युनियनच्या मतावर जो नगरपालिकेत जाईल, त्याले युनियन परत बोलावू शकते. बोलावलं का खुर्ची सोडायची." शेवंता मावशीनं लगेच टोकलं, "अन् तूच गेला त मंग?" तू म्हणालास, "त मलेच बोलवा!" सगळ्या खदखदा हसल्या. आणि तुलाच निवडून दिलं.

आपलं मोठं दुखणं छाटीचं. दिवसभर मान मोडून बिड्या वळायच्या आणि सट्टेदारानं, म्हणजे माल घेणाऱ्या ठेकेदारानं, मूठमूठ उचलून बाजूला टाकायच्या, ही वाकडी, ही सैल. त्यांची मजुरी नाही, पण बिड्या मात्र त्याच्याच! दुसरं दुखणं उन्हाचं. माल द्यायला कारखान्यापुढे तासन्‌तास रांगेत उभं राहायचं. तिथं कारखान्याच्या शेठनं मांडव आणि नळ द्यावा, असा ठराव तू नगरपालिकेत मांडणार होतास.

मांडलाच नाहीस. शेठ तुला म्हणाला, "ठराव छोड़ दो, छाट मैं कम करवा देता हूँ." आणि तू हो म्हणून आलास. किती खुशीत सांगत होतास तू घरी येऊन! छाट कमी झाली, हे खरं. मी नाही म्हणत नाही. पण त्याच वैशाखात शेवंता मावशी रांगेत चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली तेव्हा तिनं तुला एवढंच विचारलं, "आमाले इचारलं काऊन नाही?"

का नाही विचारलंस रे? आम्ही कदाचित हो म्हटलंही असतं.

मग तुला परत बोलवायचं का, हे ठरवायला नागरा गावच्या आमराईतली ती सभा. शेठच्या भीतीनं गोंदियात कोणी जागा देईना, म्हणून सगळ्या चालत तिथवर गेलो. तू आपली बाजू मांडलीस, चांगली मांडलीस. नंतर युनियनचा सेक्रेटरी म्हणून हात मोजायलाही तूच उभा! दुसऱ्या कुणाला सांगायचं होतंस ना! मग पहिला हात माझा वर झाला. त्याच्यामागून भराभर झाले. तू मोजत होतास आणि वर खेकसलास, "हात खाली नोका घेऊ, मोजून राहिलो न मी!"

वकील तुला म्हणाला होता, "कानून में ऐसा कुछ है ही नहीं. मुदत तक कोई हिला नहीं सकता." तू म्हणालास, कायद्यात नसंल, पण मी बोललो हाय. आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आलास. दादा, मला तुझा फार अभिमान वाटला. पण तो बोलून दाखवायला तू जागा ठेवलीस का? भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस, जेवलास आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेलास. मग मीही अडून बसले. तुझीच बहीण मी!

शेवटच्या दुखण्यात तू आपणहून म्हणालास, "हात केला ते बराबर केलं. पण पहिल्यांदा तूच काऊन केला?" मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले. आता सांगते. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी मांडीवर हात ठेवून बसले असते, तर त्याही तशाच बसल्या असत्या आणि मनात धुसफुसत घरी गेल्या असत्या. मग तुझ्या नियमाला कोणी विचारलं असतं?

नवा सेक्रेटरी गणपत म्हणतो, त्या नियमानं सोन्यासारख्या माणसाचा अपमान झाला. उद्या शेठ चार बाया फितवेल आणि चांगल्या माणसाला घालवेल. त्याची भीती खोटी नाही. मग निम्म्याहून जास्त हात लागतील, असं ठरवा ना! पण नियमच काढायचा कायले? तुझा अपमान तेव्हा झाला नाही. तो हे रविवारी करणार आहेत.

आणखी एक. येत्या निवडणुकीत मला उभी करायचं म्हणतात. दादाची बहीण म्हणून मतं पडतील, असं गणपतचं गणित. वहिनी म्हणते, उभी राहा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुला देते. तुझ्या फोटोसमोर उभी राहून सांगेन, नियम राहिला तर मी उभी राहीन, नाहीतर दुसरी कोणी बघा. आणि निवडून आले, चुकले, बायांनी परत बोलावलं, तर तुझ्याइतकं गुमान मला जमणार नाही. रडेन, भांडेन, चार दिवस कोणाचं तोंड बघणार नाही. पण खुर्ची त्याच दिवशी सोडेन.

तुझी लहानी,
राधा