सासऱ्यांच्या आवाजाच्या तीन कॉपी

२२ ऑगस्ट २००५, मालवण
आजपासून आर्काइव्हचं काम सुरू. सुगंधाने कपाटातून तिच्या बाबांची कॅसेट काढून दिली. गुणाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्या ऑक्टोबरात गेले. त्यांचा आवाज या एकाच कॅसेटवर. कट्टा गावच्या घरी खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून भजन म्हणतायत. मध्येच समोरच्या भातावर पाखरं उतरतात, तर भजन तोडून हुर्र्र हाऽऽ असं ओरडतात आणि पुन्हा तीच ओळ धरतात. सुगंधाला भजनापेक्षा तो ओरडा प्रिय.
कॅसेटला बुरशी धरायला लागलीय. खारी हवा. वर्षश्राद्धाला, १६ ऑक्टोबरला, सगळ्यांना सीडीवर ऐकवतो असं सांगून टाकलं. ती म्हणाली, बाजारातल्या दुकानात दिली तर दोन दिवसांत करून देतत. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स असताना दुकान? हसू आलं.

२८ ऑगस्ट, सकाळ
टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून आवाज आत घेतला. झकास. एका सीडीत मावतो. तडक बर्न करायला घेतली.

तोच दिवस, दुपार
अर्ध्यावर लाईट गेली. सीडी वाया.

तोच दिवस, संध्याकाळ
दुसरी सीडीपण वाया. स्पीड जास्त ठेवला म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही सुगंधाने उचलल्या आणि परसात वाळत घातलेल्या बांगड्यांच्या मासळीवर कावळे येऊ नयेत म्हणून टांगल्या. ही टिंगल आहे. मी लक्ष देणार नाही.

४ सप्टेंबर
चतुर्थी तोंडावर. सुगंधा गणपतीवरची फळाफुलांची माटवी बांधायला हाका मारतेय. मी मॅन्युअल वाचतोय. घरात एकाने तरी मूलभूत काम करायला हवं.

१३ सप्टेंबर
सापडलं! प्रोग्राममध्ये सिम्युलेट नावाचा चौकोन आहे. त्यात टिक केली की लेझर बंद ठेवून नुसती तालीम होते. सीडी कोरीच राहते, पण काही चुकणार असेल तर आधीच कळतं. नवशिके असल्या भानगडीत पडत नाहीत. मी पडलो. तालीम यशस्वी. लागलीच खरी बर्न केली, तीही यशस्वी! प्रोग्राम हुशार आहे. माझी सगळी सेटिंग लक्षात ठेवतो, पुन्हा पुन्हा भरावी लागत नाहीत. बर्न झाल्यावर तपासण्याचा एक चौकोन आहे, तो मात्र करडा झालाय, टिक घेत नाही. गरज नसणार.

१४ सप्टेंबर
आणखी दोन केल्या. एकही एरर नाही. एक घरी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक सासूबाईंकडे कट्ट्याला. तीन कॉपी, तीन जागा. जगात असंच करतात.
सुगंधाने विचारलं, कावळ्यांच्या सीडीवर मागून काळपट पट्टो दिसता, ह्येंच्यावर कित्याक नाय? मी समजावलं, की चांगल्या बर्नचा डाग पडत नाही. पटलं असावं. सीडी उलटसुलट बघून परत दिली.

१८ सप्टेंबर
सुगंधा म्हणते, माका फकत एकदा आयकाक व्हया. नाही म्हटलं. आर्काइव्हची सीडी म्हणजे काही सिनेमाची गाणी नव्हेत. बोटं लागतात, चरे पडतात. सोळा तारखेला सगळ्यांसोबत ऐक. ती आत जाऊन कोलंबी सोलत बसली. खूप वेळ सोलत होती. वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त.

२४ सप्टेंबर
मेहुणा चंदन कट्ट्याहून आला. भात पिकत आलंय. म्हणाला, भावोजी, जुनी टेप आसल्यार द्या, पाखरांक भियावूक शेतात बांधतंय. कॅसेटची अख्खी पिशवी दिली. बाबांची पण. बुरशी लागलेली वस्तू आर्काइव्हजवळ ठेवणं धोक्याचं. सुगंधा बाजारात गेली होती. तिला सांगितलं नाही. उगाच भावनिक होते.

२८ सप्टेंबर
लिनक्सची नवी व्हर्जन टाकली. जागा नव्हती, म्हणून हार्ड डिस्क अख्खी साफ केली. दुसरा कोणी असता तर दहा वेळा विचार करत बसला असता. माझ्याकडे तीन कॉपी आहेत.
साउंड चालत नाही. बघू.

१६ ऑक्टोबर, कट्टा
जेवणं झाली. सगळे खळ्यात बसले. सासूबाई राधाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरजवळ पाट मांडला. मी दोन शब्द बोललो. कट्ट्याची सीडी चंदनच्या प्लेअरमध्ये घातली. मशीन म्हणालं, डिस्क नाही. घरची घातली, ऑफिसची घातली. डिस्क नाही, डिस्क नाही. चंदनने सिनेमाच्या गाण्यांची सीडी लावून बघितली, ती वाजली. मी म्हटलं, मशीनला तिची सवय आहे. राधाबाई बराच वेळ वाट बघत बसल्या. मग म्हणाल्या, तेंका आज बोलूचां नसात.
सुगंधा उठून भांडी घासायला गेली. घरी जाऊन कॉम्प्युटरवर लावतो म्हणून मी मागून ओरडलो.

१७ ऑक्टोबर, मालवण
प्रोग्राम परत टाकला. जुनी सेटिंग एका फ्लॉपीवर जपून ठेवली होती, ती भरली. सिम्युलेटच्या चौकोनात टिक. तालमीच्या दिवसापासून तशीच. तिन्ही सीडींवर लेझर पेटलाच नव्हता.
जमेची बाजू, तिन्ही सीडी कोऱ्या आहेत, परत वापरता येतील. हे सुगंधाला सांगितलं. तिने विचारलं, कॅसेट खंय आसा?

१८ ऑक्टोबर, कट्टा
पहिल्या एसटीने दोघं आलो. बाबांची टेप शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत. दवाने भिजलेली, उन्हाने पांढुरकी, जागोजागी गाठी. मी पेन्सिल आणली होती, गुंडाळायला. हातभर गुंडाळली तर तुटली. पुन्हा बांधली. पुन्हा तुटली. चंदन म्हणाला, रवांदे, भावोजी. वारा सुटला की टेप घुमते. शब्द नाहीत, नुसती घूं घूं.
सुगंधा बांधावर उभी राहून ऐकत होती. तेवढ्यात पाखरांचा थवा भातावर उतरला आणि तिने पदर खोचून हाक दिली. हुर्र्र हाऽऽ. हुबेहूब बाबा. तोच आवाज, शेवटाला तोच हेल. घरातून राधाबाई धावत खळ्यात आल्या.
रेकॉर्ड करायला हवं होतं. टेपरेकॉर्डर मालवणला राहिला.