साडेसातची प्रार्थना

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही एक शब्द नाही!

सुप्रीता — यांना पुन्हा बोलायला शिकवायला येते ती मुलगी — तासभर चित्रं दाखवत होती. कप, किल्ली, केळं. हे नुसते बघत राहिले. तोंड उघडतं, ओठ वाकडे होतात, घशातून काहीतरी घरघरतं. मग मान खाली. जाताना ती दारात म्हणाली, "आंटी, अंकल सब समझते हैं. बस, निकलता नहीं. आप बात करते रहिए."

बात करते रहिए! आंघोळ, गोळ्या, डायपर, पेज भरवणं — यातून श्वास उरला तर करते बात.

५ फेब्रुवारी

साडेसात झाले की हे हॉलमधल्या खुर्चीत सावरून बसतात. डावा हात उजव्यावर ठेवतात — उजवा आता नुसता सोबतीला आहे — आणि वाट बघतात.

लग्न झाल्यापासून आमच्या घरात ही प्रार्थना चुकली नाही. हे हवाई दलात होते. जिथे बदली तिथे प्रार्थनाही आमच्यासोबत. बोलायचे हे, आणि आमेन म्हणायची मी. वाटणीच तशी होती. आणि किती बोलायचे! नगरचा भाचा, पाळकसाहेब, दूधवाला, दूधवाल्याची म्हैस — एकेकाचं नाव घेऊन. तोवर तिकडे माझी भाजी करपायची.

यांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून ते काम माझ्या गळ्यात पडलंय. डोळे मिटते आणि सुरू करते, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार—" सगळी यांचीच वाक्यं. माझ्या तोंडात ती दुसऱ्याची कवळी घातल्यासारखी होतात. आणि आभार कसले? आजच्या दिवसाबद्दल?

९ फेब्रुवारी, रविवार

कँटोनमेंटमध्ये मराठी उपासना होती. महिन्यातून एकदाच असते. शुभंकर महादेवपुऱ्याहून गाडी घेऊन आला, बापाला उचलून बसवलं. मंडळी प्रेमाने भोवती जमली. पाळकसाहेब म्हणाले, "देवाची काहीतरी योजना असेल, नीलिमाबाई."

असेल. त्याने मला एकदा विचारायचं तरी होतं.

घरी आल्यावर शुभंकर म्हणाला, "आई, फुल टाइम नर्स ठेवूया. तू बर्न आउट होशील." होशील म्हणे! मी चहा टाकला.

११ फेब्रुवारी

विमानांचं प्रदर्शन सुरू झालंय. आमचं अख्खं येलहंका गडगडतंय. पूर्वी हे गच्चीत उभे राहून नुसत्या आवाजावरून विमानाचं नाव सांगायचे. चुकायचे नाहीत. आज खिडकीकडे मान वळवली, तोंड उघडलं, मिटलं. डोळ्यांतून पाणी.

मी पडदा ओढून घेतला. मला बघवेना.

आज प्रार्थना केली नाही.

१२ फेब्रुवारी

आजही नाही. हे बसले होते वाट बघत. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत राहिले — मुद्दाम.

१५ फेब्रुवारी

नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी शेजारच्या तुंगाबाई आल्या. पिढ्यान् पिढ्या इथल्याच, मराठी बोलतात पण कन्नडच्या फोडणीची. पदराने डोळे पुसत दारातच उभ्या. "अक्का, तुमच्याकडून आवाजच येईना की! यजमानांची प्रार्थना ऐकू आली की मी देवाजवळ दिवा लावायची बघा. मग ते आजारी पडले, तरी तुमचा बारीक आवाज होता. आता तोही नाही."

मी त्यांना आत बसवलं.

मग त्यांनी माझा हात धरला. सुनेला, रक्षिताला, सकाळी दवाखान्यात ठेवलंय. सातवाच महिना, बीपी वाढलंय, डॉक्टर धड काही सांगेनात. "आमच्या सगळ्या देवांना सांगून झालं, अक्का. स्वल्प तुमच्या येशूलाही सांगा की. तिचं नाव घ्या."

"सरी, घेते नाव," म्हणाले. रडणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

नाव घेईन. तेवढंच. बाकी त्याच्याशी माझं बोलणं नाही.

२१ फेब्रुवारी

काल साडेसातला उभी राहिले. "रक्षिताला सांभाळ. तिच्या बाळाला सांभाळ." इथे थांबायचं होतं. थांबताच येईना! "आणि माझ्याकडे बघणार आहेस का? मी थकले. मला यांचा कंटाळा आलाय. सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली. तुझा राग येतो मला. आणि तरी तुलाच सांगतेय — दुसऱ्या कुणाला सांगू?"

मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल इतक्या. डोळे उघडले तेव्हा भानावर आले. हे समोरच होते. सब समझते हैं! लाजेने मेल्यासारखं झालं.

हे माझ्याकडेच बघत होते. ओठ वाकडे झाले, थरथरले.

"आमेन."

स्पष्ट! मी यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, आणि मग हसायलाच लागले. या घरात तो शब्द आजवर माझा होता.

रक्षिताचं अजून काही कळलं नाही. आज पुन्हा तिचं नाव घ्यायचं आहे. बोलायचं काम आता माझं.