मशीनला झोप लागते तेव्हा

४ एप्रिल

सर्व्हर पुन्हा मेला! दिवा हिरवा, पंखा फिरतोय, आणि आत कोणी नाही. नोंदींच्या लॉगमध्ये चूक नाही. एका ओळीनंतर नुसतं कोरं.

धुळ्याहून नवलचा फोन. केसरआत्याचा मुलगा.

"ताई, तुनं डबडं परत बंद पडी गयं. माय बटन दाबी दाबी थकी गई."

"काही बोलते का रे?"

"बोलस कोठे! डोया फाडी फाडी देखस."

फेब्रुवारीत आत्याला पक्षाघाताचा झटका आला. ऐकू येतं, समजतं. शब्द येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून ती गाण्याची पहिली ओळ उचलायची आणि अख्खी गल्ली मागे म्हणायची — ती बाई! डॉक्टर म्हणाले, कधीकधी बोलण्याआधी गाणं परततं. हे महिने वाया घालवू नका. एम.ए.ला असताना मी तिची छप्पन गाणी रेकॉर्ड केली होती. ती इथे जळगावात, माझ्या टेबलाखालच्या सर्व्हरवर. तिच्या उशाशी जुना टॅब, त्यावर दोन बटणं. हिरवं दाबलं की तिचीच जुनी एक ओळ वाजते. लाल दाबलं की ती आता म्हणेल ते इथे साठतं.

६ एप्रिल

मेमरी तपासली. निर्दोष. दिवसभर सर्व्हरला मुद्दाम कामाला जुंपलं. बाहेर त्रेचाळीस अंश, खोलीत भट्टी. काही झालं नाही! संध्याकाळी काम थांबवलं, भाजी आणायला गेले. दोन तासांनी आले — मेलेला.

कष्टाने मरत नाही. विसाव्याने मरतो.

७ एप्रिल

राजदीप, माझा नवरा, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून ड्यूटी संपवून आला. मी सांगितलं. तो पाणी पिता पिता थांबला.

"ते मीच केलंय. दिवाळीत. रिकामं असलं की खोल झोपायचं सेटिंग."

"मला न विचारता?"

"रिकामं मशीन जागं कशाला ठेवायचं?"

वीज बनवणारा माणूस घरात दिवे मालवत फिरतो! तसं म्हटलं तर म्हणतो, "एका युनिटमागे राख किती पडते ते तू पाहिलं नाहीस."

मग जाऊन माझ्या खोलीतला पंखा बंद केला. मी खोलीतच होते.

८ एप्रिल

सकाळभर वाचत बसले. प्रोसेसर झोपतो. मी दोन अक्षरं टाइप करते त्यांच्या मधल्या जागेत झोपतो आणि उठतो. एका सेकंदात शेकडो वेळा! झोपेच्या पायऱ्या आहेत. पहिलीवर नुसते डोळे मिटतात. शेवटचीवर आतली वीज जवळजवळ काढून घेतलेली असते. तिथून परत यायला तो कोणाच्या तरी हाकेवर अवलंबून. आमचा तिथून कधीकधी परत येत नाही.

हे टेबलाखाली चाललं होतं. मी वर पेपर तपासत होते.

सेटिंगच्या पडद्यावर गेले. खोल झोप बंद केली. मशीन चालू.

नवलला सांगितलं, आता रात्रंदिवस चालेल. त्याने फोन आत्याच्या कानाला लावला. तिलाही तेच सांगितलं — कधीही दाब, आत्या. पलीकडे श्वास.

९ एप्रिल

गाणं जातं, तिचा आवाज येत नाही. लाल बटणाची एकही फाइल नाही.

सर्व्हरवर दोन कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचे दोन बंद डबे. एक टॅबला ओळी पाठवतो आणि तिकडून तिचा आवाज घेतो, दुसरा तो साठवतो. एकाच मशीनवर, पण भिंती पक्क्या; मधे फक्त आतलं नेटवर्क. पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता मी आकड्यात लिहून दिला होता. मशीन बंद होऊन चालू झालं तेव्हा आकडे बदलले. जो आधी उठला त्याला पहिला आकडा! पहिला कंटेनर कालपासून स्वतःच्याच दारावर थापा मारत होता.

दोघांसाठी वेगळं नेटवर्क केलं. तिथे नावाने हाक मारता येते. आकडा कितीही बदलो. मारली — उत्तर आलं. जेमतेम दोन सहस्रांश सेकंदात.

१० एप्रिल

पहिली फाइल. अकरा सेकंद. श्वास, कूलर, चमचा पडल्याचा आवाज. शब्द नाही.

तीनदा ऐकली.

१७ एप्रिल

नऊ दिवस झाले, सर्व्हर एकदाही मेला नाही. राजदीपला दाखवलं. "बिल दाखव," म्हणाला.

पण रोज एकच फाइल. नवल दुकानात जाण्याआधी शेजारी बसून लाल बटण दाबतो तेव्हाची. त्यात "हं". फक्त "हं".

नवल म्हणाला, "मास्तरीणबाई, माय लाल बटनले हात बी लावत नही."

यंत्र जागं ठेवलं. तिने सोडून दिलं असेल तर?

२२ एप्रिल

"हं".

२६ एप्रिल

दुपारी वीज गेली. आल्यावर मशीन चालू करताना सेटिंगचा पडदा उघडला. खोल झोप चालूच आहे. आठ तारखेला मी सेव्ह न करता बाहेर पडले होते.

मग अठरा दिवस मरत कसा नव्हता?

गाण्यांच्या कंटेनरचा लॉग उघडला. हिरवं बटण. नवल दुकानात असतो तेव्हा. तो झोपलेला असतो तेव्हा. दुपारी, पहाटे. सर्वांत लांब फट एक तास दहा मिनिटांची; यंत्राला पुरता विसावा कधी मिळालाच नव्हता. अठरा दिवस तीच एक ओळ, आणि एका बैठकीत, ओळ वाजून संपल्यावर, पुढच्या दाबण्याआधी दर वेळी तेवढीच जागा — ती ओळ एकदा म्हणायला लागते तेवढी.