वजनाखालची बोटं

प्रिय वेन,

यंदा बर्फ लवकर आला. सफरचंदं अजून झाडावर आहेत आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मी आज दिवसभर शेडमध्येच होतो. बाबांचा छोटा ट्रॅक्टर बाहेर काढला, तेल बदललं, बॅटरी लावली. आपल्या दोघांपेक्षा वयानं मोठा, पण पहिल्या किल्लीला सुरू झाला. तू इथे असतास तर म्हणाला असतास, "रुडी, हा तुझ्यापेक्षा तरुण दिसतो."

ब्लोअरकडे बघत मात्र बराच वेळ बसून राहिलो. बर्फ उडवायचं ते लोखंडी धूड ट्रॅक्टरच्या तोंडाशी आपण दरवर्षी मिळूनच चढवलं. हरणांची शिकार सुरू होण्याआधीचा शनिवार. आधी माझं, मग तुझं. तू ते पोटाशी धरून उचलायचास आणि मी जमिनीवर पडून खालून पिन घालायचो. भोकं जुळेपर्यंत माझी बोटं त्या वजनाखाली असायची. तू वरून ओरडायचास, "अरे म्हाताऱ्या, पिन घालतोयस की प्रार्थना करतोयस?" मी खरं तर दोन्ही करत असायचो. तू हात सोडशील, असं मात्र माझ्या मनात कधी आलं नाही. मग तुमच्या सॉनाच्या तापल्या खोलीत वाफ घेणं, मग तुझ्या बायकोच्या, कॅरलच्या हातचा वेलदोड्याचा पाव आणि कॉफी.

खांदा गेला तेव्हा मी फक्त तुला सांगितलं. दर वळणाला ब्लोअर उचलावा लागतो आणि त्यासाठी उजव्या हाताचा लिव्हर मागे ओढावा लागतो. तेवढं बळ उरलं नव्हतं. ओढताना डोळ्यांत पाणी यायचं. तू गॅरेजच्या जुन्या दाराची स्प्रिंग आणलीस, अर्धं वजन तीच पेलेल अशी खाली बसवलीस, वरून काळा रंग मारलास. म्हणालास, "आता हे तुला, मला आणि देवाला ठाऊक. आणि देव काही ट्रॅक्टरखाली वाकून बघत नाही." त्या दिवशी मी घरी जाऊन तुझ्यासाठी प्रार्थना केली होती. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना म्हणता येत नाही. रविवारी लोक येण्याआधी चर्चचं अंगण आणि दफनभूमीची वाट मोकळी करणं, एवढीच माझी सेवा. एलेनला नेलं त्या सकाळीसुद्धा ती वाट मीच केली. लोक म्हणाले, आज तरी बायकोजवळ बस. तू एकटा मात्र फावडं घेऊन माझ्या मागून चालत राहिलास. म्हणूनच चर्चच्या तळघरातल्या त्या बैठकीचं मला अजून उमगत नाही.

तुझ्या जावयानं ट्रकला बर्फ ढकलायचं नवं पातं लावलंय, तर अंगण त्याच्याकडे द्यावं, असा विषय कुणीतरी काढला. मी म्हटलं, गरज नाही, मी करतोच आहे. तेव्हा माझ्या शेजारच्या इल्मा आजीनं तुला विचारलं, "वेन, रुडीला झेपतं ना रे अजून?" आणि तू कॉफी ढवळत म्हणालास, "रुडी कुठे उचलतो, आजी? माझी स्प्रिंग उचलते. हा नुसता वर बसून टोपी सांभाळतो." सगळे हसले. पास्टरही हसले. मीही हसलो असेन, कारण नंतर गाल दुखत होते. मग अंगण त्याला द्यायच्या बाजूनं हात वर झाले. तुझाही झाला.

तुला माझी काळजी वाटली असेल, असं स्वतःला सांगून बघतो. वाटली असेलही. पण ते शेडमध्ये बोलायचं होतंस, मी जमिनीवर पडलेलो असताना. तिथे मी तुझं काहीही ऐकलं असतं.

रविवारी तुझ्या जावयानं अंगण भराभर काढलं, कामही चांगलं केलं. सगळा बर्फ मात्र दफनभूमीच्या फाटकावर ढकलून गेला. त्याला कुणी सांगितलंच नसणार. मी फावड्यानं एक माणूस जाईल एवढी फट केली आणि एलेनकडे जाऊन आलो.

परवा कॅरल दुकानात भेटली. "वेन विचारतोय, शनिवारी नेहमीसारखा येतोस ना?" बैठकीपासून तू माझ्या दारात फिरकला नाहीस आणि निरोप मात्र असा, जणू काही झालंच नाही. त्या बिचारीला तिथे काय सांगणार? म्हणून हे पत्र. मी माझा ब्लोअर आज एकट्यानं चढवला, जॅक लावून, खाली फळ्या सरकवत. वेळ लागला, पण भोकं जुळली. तुझी स्प्रिंग काढून या पत्राबरोबर तुझ्या पायरीवर ठेवतोय. ट्रॅक्टर थांबवून दोन्ही हातांनी ओढला की लिव्हर येतो. माझ्या आणि इल्मा आजीच्या अंगणाला तेवढं पुरे. जॅकही ठेवतोय. तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला सोपं जाईल, आणि तो उचललेलं सोडत नाही. शनिवारी सॉना तुमच्यापुरताच तापवा. वेन, तुझ्या हातातल्या वजनाखाली मला आता बोटं घालता येणार नाहीत.

शाळेच्या बाकापासून तुझाच,
रुडी